जरा कळ काढ: खंडाळा ते आटपाडी

खंडाळ्याहून आटपाडीला जायला गाडीनं पाच तास लागतात. मला तीन दिवस लागले. गाडी बिघडली नव्हती की रस्ता बंद नव्हता. मला एका माणसाकडून एक वाक्य काढून घ्यायचं होतं. घाईत केलेला सौदा समोरच्याच्याच फायद्याचा होतो, हे जुने ट्रॅक्टर घेता-विकता मी शिकलो आहे.

माणूस म्हणजे माझा मावसभाऊ हणमंत. वाक्य म्हणजे, ‘संपत, चूक माझी होती.’

प्रकरण जुनं आहे. बारावी झाल्यावर आम्ही दोघं सांगलीला नौदलाच्या भरतीला गेलो. पळण्यात मी त्याच्या पुढे होतो, लेखीत बरोबरीला. मग डॉक्टरनं माझ्या कानात बॅटरी मारली आणि मला रांगेतून बाजूला काढलं. कारण काय, तर कानात मळ. आता हणमंत आधीच्या भरतीला एकदा जाऊन आला होता आणि तोही कानातल्या मळापायीच परत आला होता. म्हणजे त्याला हे ठाऊक होतं. रांगेत माझ्या मागेच उभा होता. तरी त्यानं मला सांगितलं नाही. तो आत गेला. खलाशाचा अधिकारी झाला, शत्रूच्या पाणबुड्या शोधण्याच्या कामात नाव काढलं आणि आता कमांडर होऊन निवृत्त झाला. मी डॉक्टरशी भांडलो. त्यानं दिलेला कागद न वाचता फाडला, त्याच्याच टेबलावर टाकला आणि एस.टी.नं घरी आलो. पुढे हणमंताचं पत्र आलं. तेही न उघडता आंघोळीच्या बंबात घातलं. आणि त्या दिवसापासून आजतागायत कुठल्याही डॉक्टरला मी कानाला हात लावू दिलेला नाही. कान मी स्वतःच साफ करतो, गाडीच्या किल्लीनं.

या गोष्टीला अडतीस वर्षं झाली. लग्नाकार्यात आम्ही भेटायचो, ‘बरं हाय का’ म्हणायचो आणि वेगवेगळ्या पंगतीला बसायचो. आता आटपाडीजवळच्या आमच्या आजोळच्या लोकांनी त्याचा सत्कार ठरवला. तो लेकीकडे खंडाळ्याला आला होता. त्याला घेऊन कोण येणार, असा प्रश्न निघाला आणि सगळ्यांत आधी मी हात वर केला. मन मोठं झालं म्हणून नव्हे. गाडीत बसलेलं माणूस उठून जाऊ शकत नाही म्हणून.

खंडाळा

हा खंडाळा लोणावळ्याजवळचा नव्हे. हणमंताला भेटायला निघालेले नौदलातले दोन मित्र त्या दुसऱ्या खंडाळ्याला जाऊन फिरून फिरून परत गेले म्हणे. समुद्राच्या तळाशी काय आहे ते शोधणाऱ्या लोकांना सातारा जिल्हा सापडत नाही, हे ऐकून मला सकाळी सकाळी बरं वाटलं.

हणमंत एका लहान बॅगेनिशी दारात उभा होता. वाळका, ताठ, केस पांढरे. मी म्हणालो, “मागच्या सीटवर टाक बॅग.”

“मागच्या सीटवर टाकतो बॅग,” तो म्हणाला आणि टाकली.

“पुढं बस.”

“पुढं बसतो.”

मी त्याच्याकडे निरखून पाहिलं. चेष्टा करतोय म्हणावं तर चेहरा सरळ होता. पुढे चहाला थांबू म्हणालो, तर “पुढे चहाला थांबू” असं म्हणून दाखवलं. खंबाटकीचा घाट चढताना मी त्याला विचारलंच, की हे पोपटाचं काम कुठं शिकलास. त्यानं शांतपणे सांगायला सुरुवात केली. जहाजावर एकानं काही सांगितलं की ऐकणारा तेच शब्द आधी परत म्हणतो. पटलं म्हणून नव्हे, ऐकू आलं म्हणून. उत्तर काय द्यायचं ते त्याच्यानंतर. पण नेमक्या तेव्हाच समोर उसाच्या दोन ट्रॉल्या एकमेकींना मागे टाकायला निघाल्या होत्या. मी हॉर्नवर हात ठेवून त्या ड्रायव्हरांच्या सात पिढ्यांची चौकशी करत होतो, त्यामुळे त्यातलं निम्मंच माझ्यापर्यंत पोचलं. ते निम्मं नीट ऐकलं असतं तर पुढची फजिती टळली असती.

वाईला गणपतीचं दर्शन घेतलं, घाटावर बसून मिसळ खाल्ली. मग हमरस्त्याच्या फाट्यावर स्ट्रॉबेरीवाला दिसला. म्हटलं, या साहेबाला सौदा कसा करतात ते दाखवू. स्ट्रॉबेरीवाल्यानं चार डब्यांचे अडीचशे सांगितले. मी हसलो, पाठ फिरवली, चार पावलं गेलो, परत आलो आणि दोनशे म्हणालो, वर शेवटचं म्हणून बजावलं. दुसऱ्या क्षणाला डबे गाडीत होते. एवढंच नव्हे, तर त्यानं वर एक डबा आपणहून दिला.

दोन किलोमीटर गेल्यावर हणमंत म्हणाला, “त्यानं दीडशे सांगितले होते.”

“तुला बाजारातलं काय कळतंय,” मी म्हणालो. पण वर दिलेला तो पाचवा डबा साताऱ्यापर्यंत माझ्याकडे बघत होता.

सातारा

संध्याकाळी अजिंक्यताऱ्यावर गाडी घातली. थंडीचे दिवस. सूर्य कलला तसा खाली शहरावर धूर जमायला लागला आणि थोड्याच वेळात घरांच्या वर एक सपाट पांढरी चादर पसरली. तिच्याखालचे दिवे दिसत होते, रस्ते दिसत नव्हते.

हणमंत त्या चादरीकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, की समुद्रातही असाच थर असतो. वर कोमट पाणी, खाली गार. जहाजातून सोडलेला आवाज त्या थराला लागला की वळतो, खाली पोचत नाही. पाणबुडी थराखाली गप्प बसून राहते आणि वरच्याला वाटतं, समुद्र मोकळा आहे. मग वरच्यानं कानाला यंत्र लावून नुसतं ऐकत बसायचं. सहा तास, बारा तास. कोळंबीचे थवे असले तर फोडणी तडतडल्यासारखा आवाज येतो. त्या तडतडीच्या मागे पाणबुडीचा पंखा फिरतोय का, ते ओळखायचं.

“आन् अशा किती धरल्यास?”

“अशा किती धरल्या,” तो म्हणाला आणि थांबून पुढे, “सांगता येत नाही.”

सरकारी गुपित म्हणून सांगता येत नाही, की त्यालाच ठाऊक नाही, हे मला कळलं नाही. माझ्या धंद्यात असं उत्तर देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कुणी दारात उभं करत नाही. पण तो शेजारी निवांत बसला होता, आसपास कुणी नव्हतं. मला वाटलं, वेळ आली.

“हणमा,” मी म्हणालो, “तुला ठाव हुतं. तू मला सांगितलं न्हाईस.”

त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. “मला ठाऊक होतं,” तो म्हणाला. “मी तुला सांगितलं नाही.”

मी उठून उभाच राहिलो. अडतीस वर्षं! आणि माणूस एका झटक्यात कबूल. तो पुढे “संपत, आता ऐक” असं काहीतरी म्हणायला लागला, पण मी हात वर केला. म्हटलं, “आता एक शब्द बोलू नगंस. मला पायजे ते मिळालं.” खाली उतरलो, एक किलो कंदी पेढे घेतले आणि लॉजच्या मॅनेजरपासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळ्यांना वाटले. कशाबद्दल, असं मॅनेजरनं विचारलं. मी म्हणालो, भाऊ निवृत्त झाला.

कराड

सकाळी जाग आली ती टोचणी घेऊनच. जो माल एका शब्दात पदरात पडतो त्यात खोट असते. मी पाठ फिरवली नव्हती, चार पावलं गेलो नव्हतो, तरी हणमंतानं होकार दिला. स्ट्रॉबेरीवाल्यासारखाच. शिवाय ‘चूक माझी होती’ हे तीन शब्द त्यात नव्हतेच. मालाची मुख्य वस्तूच राहिली होती.

कराडला प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. हणमंत तिथं पायरीवर बसला आणि दोन्ही पाण्यांची रेघ कुठवर वेगळी दिसते ते बोटानं दाखवत होता. मधूनच तो कालचा विषय काढायला बघायचा आणि मी त्याला भेळ खायला लावायचो. मला भीती वाटत होती. मिळालेलं वाक्य तो परत घेईल, ही.

इस्लामपूर

दुपारी माझ्या घरी आलो. घरापुढेच माझं आवार आहे, जुन्या ट्रॅक्टरांचं. नेमका बोरगावचा एक शेतकरी ट्रॅक्टर विकायला घेऊन आलेला. हणमंताला माझी विद्या दाखवायला याहून चांगली संधी नव्हती. मी लांब स्क्रूड्रायव्हर काढला, त्याचं टोक चालू इंजिनला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला. डोळे मिटले. पंचक्रोशीत यात माझा हात धरणारा नाही. “मागचं बेअरिंग गेलंय,” मी जाहीर केलं. शेतकऱ्याचा चेहरा पडला, म्हणजे खरंच गेलं होतं.

वळून पाहिलं तर हणमंत माझ्या मागे दोन हातांवर उभा. दारात माझी बायको सुमन पदर तोंडाला लावून हसत होती.

“भावजी, तीनदा हाक मारलीत,” ती म्हणाली. “वरडून बोलायचं त्यांच्याशी. मी तर जेवायला ताट वाजवती.”

मी म्हणालो, मला सगळं ऐकू येतं, आत्ताच बेअरिंग ऐकलं नाही का. त्यावर हणमंत म्हणाला, “ते हाडातून आलं. मळ हाडाला अडवत नाही.” आणि बॅग घेऊन आत गेला.

मला त्याचा राग आला. पण खरं सांगायचं तर त्याच्या आधी मला तो स्ट्रॉबेरीवाला आठवला.

जेवायला बसल्यावर सुमननं सरळ विषयालाच हात घातला. मी तिला साताऱ्याहून फोन करून विजयाची बातमी दिली होतीच.

“भावजी, हे म्हनत्यात तुमी कबूल केलं.”

“मी कबूल केलं,” हणमंत म्हणाला.

मी तिच्याकडे ऐटीत पाहिलं. ती मात्र भाकरी थापता थापता थांबून त्याच्याकडे बघत होती. अर्ध्या तासापूर्वी तिनं त्याला “हातपाय धुऊन घ्या” म्हटलं तेव्हा तो “हातपाय धुऊन घेतो” म्हणाला होता, “पाटावर बसा” म्हटल्यावर “पाटावर बसतो.” जे मला दीड दिवसात कळलं नाही ते तिला तेवढ्यात कळलं होतं.

“परत म्हनून झालं,” ती म्हणाली. “आता उत्तर द्या.”

“मी सांगितलं होतं, वहिनी. रांगेतच. ह्याच्या कानाशी तोंड नेऊन.”

“काय सांगितलं?”

“जरा मळ काढ म्हणालो. शिपाई ऐकत होता म्हणून हळू बोललो. पुढं नळ होता, मागच्या वेळी मला त्याच नळावर कुणीतरी पाणी घालून दिलं असतं तर वाचलो असतो. हा म्हणाला, काढतोय की. म्हटलं, झालं तर मग.”

घास माझ्या हातातच राहिला. कारण ते सगळं मला आठवत होतं. दुपारचं ऊन, पुढे सरकायचं नाव न घेणारी रांग, मी त्या शिपायावर चिडलेलो, आणि मागून हणमंत कानाशी येऊन पुटपुटला होता. मला ऐकू आलं होतं ते ‘जरा कळ काढ.’ लहानपणापासून मला प्रत्येक जण तेच सांगत आला आहे. आई, मास्तर, एस.टी.चा कंडक्टर, सगळे. एक माणूस माझ्या कानाशी येऊन दुसरं काही सांगेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. म्हणून मी वैतागून म्हणालो होतो, काढतोय की.

मी ते दोघांना सांगितलं. सुमनला इतकं हसू आलं की तव्यावरची भाकरी जळाली. हणमंत हसला नाही. तो म्हणाला, “त्या डॉक्टरच्या कागदावर ‘तात्पुरता’ असं लिहिलेलं असतं. कान धुऊन परत यायचं. माझ्याही कागदावर होतं. पत्रात मी तेच लिहिलं होतं.”

कागद मी टेबलावर फाडला होता. पत्र बंबात घातलं होतं. त्या पाण्यानं आंघोळही केली होती.

त्या रात्री सुमननं माझ्या दोन्ही कानांत कोमट तेल घातलं. मी पहिल्यांदाच काही बोललो नाही.

आटपाडीकडे

सकाळी निघण्याआधी हणमंतानं मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. पिचकारीनं पाणी मारून त्यानं जे बाहेर काढलं ते चिंचोक्याएवढं होतं, एकेका कानातून एक. डॉक्टर तरुण होता. त्यानं विचारलं, किती दिवसांचं आहे हे. मी हणमंताकडे बोट करून म्हणालो, ह्याच्या नोकरीच्या वयाचं.

बाहेर आलो तर जग अंगावर आलं. माझ्या गाडीचं मागचं दार शिट्टी वाजवतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझा आवाज किती मोठा आहे, हेही नाही. विट्यापर्यंत मी कुजबुजत होतो आणि हणमंत म्हणत होता, आता जरा मोठ्यानं बोल.

विट्याच्या पुढे ऊस मागे पडतो. उघडे माळ, बाभळी, मेंढरं आणि मध्येच डाळिंबाच्या हिरव्या बागा. आमच्या इस्लामपूरच्या बाजूला पाण्याचं अजीर्ण झालंय आणि इथं माणूस अजून तांब्या धरताना जपतो. पण आजोळी पोचलो तर मामीनं हुलग्याचं माडगं आणि बाजरीची भाकरी पुढे ठेवली. हुलग्याच्या पिठाचं ते गरम पातळ पिताना मला माझ्याच भुरकण्याचा आवाज आला आणि मी वाटी खाली ठेवली.

देवळापुढे मांडव होता आणि मांडवावर फ्लेक्स. हणमंताचा टोपी घातलेला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात: ‘आंटी सबमरीन तज्ज्ञ.’ छापणाऱ्यानं ‘अँटी’ ऐकलं असावं, पण कुणाच्या तरी काकूची पाणबुडी असेल असं समजून छापलं. मला फ्लेक्सवाल्याबद्दल आपुलकी वाटली.

आमच्या आजोळात घरटी एक माणूस सैन्यात जाऊन आलेला. पुढच्या रांगेत सुभेदार, हवालदार टोप्या घालून बसलेले. सत्कार झाला, नारळ झाला. मग एका सुभेदारांनी विचारलं, किती पाणबुड्या बुडवल्या.

“एकही नाही,” हणमंत म्हणाला.

बरं, तोफ किती वेळा डागली. खऱ्या शत्रूवर एकदाही नाही. मग करत काय होता एवढी वर्षं. “ऐकत होतो,” हणमंत म्हणाला. “आम्ही ऐकतोय हे त्यांना ठाऊक असलं की ते येत नाहीत.”

लोकांचे चेहरे उतरले. मागून कुणीतरी म्हणालं, “म्हंजी राखणदाराचीच नोकरी की.” हे हळू म्हटलेलं होतं आणि मला स्वच्छ ऐकू आलं. लगोलग दुसरं कुणी म्हणालं, “आता संपत बोलंल. आता मजा हाय.” तेही ऐकू आलं.

माइक माझ्या हातात होता. मांडवातली माणसं सरसावून बसली. माझं गाऱ्हाणं ऐकलं नाही असं माणूस आमच्या आजोळात नाही. बारशाला, बाराव्याला, जत्रेला, जिथं चार जण भेटतील तिथं मी ते सांगितलेलं आहे. यांच्यासमोर अडतीस वर्षं मी ज्या माणसाला लबाड म्हणत आलो, तो माझ्या शेजारी गळ्यात हार घालून बसला होता आणि माझ्याकडे बघतही नव्हता. मी गप्प बसलो असतो तरी तो काही बोलला नसता. तेच जड गेलं.

“ह्यानं मला सांगितलं हुतं,” मी म्हणालो. “मला ऐकू आलं न्हाई.”

पुढे बसलेल्या तुकामामांनी कानामागे हात नेला. ते नव्वदीला टेकलेत. “काय म्हनतोय त्यो?”

हणमंत उभा राहिला. सवयीप्रमाणे आधी माझे शब्द परत म्हणाला, मामांकडे तोंड करून, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा. “मी सांगितलं होतं. त्याला ऐकू आलं नाही.” मग उत्तर दिलं. “पण मामा, मी त्याच्याकडनं परत म्हणून घेतलं नाही. एकदा परत म्हणून घेतलं असतं तर तिथंच कळलं असतं. एवढी चूक माझी होती.”

हेच ते वाक्य. ज्यासाठी मी पाच तासांचा रस्ता तीन दिवस ताणला. ते आलं तेव्हा मला त्याच्यासमोर मान वर करता येईना.

तुकामामा मात्र त्याच्याकडे बघत नव्हते. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “मग अडतीस वरसं आमाला रं का ऐकवलंस?”

मांडव असा हसला की माझ्या नव्या कानांना सोसवेना.

संध्याकाळी फ्लेक्सखाली खुर्च्या टाकून बसलो तेव्हा मी हणमंताला विचारलं, की मला त्या दिवशी नीट ऐकू आलं असतं, तर मीही कमांडर झालो असतो का. त्यानं प्रश्न परत म्हणून दाखवला आणि बराच विचार केला.

“न्हाई,” तो म्हणाला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून आजोळची भाषा आली. “बारा तास गप बसायचं काम हाय ते, गड्या. तू पहिल्या आठवड्यात भांडून परत आला असतास.”

मला राग यायला हवा होता. मी वाट पाहिली. आला नाही.

परतताना

हणमंत आजोळी राहिला. मी एकटाच परत निघालो. आटपाडीच्या बाहेर रस्त्याकडेला एक जण डाळिंबाचे ढीग लावून बसला होता. भाव विचारला. तो म्हणाला, “दोनशे किलो.”

पूर्वी मी हसलो असतो, पाठ फिरवली असती. आता मला एवढंच बघायचं होतं, की बरोबर ऐकू आलं का. म्हणून त्याच्याकडे बघून शांतपणे म्हणालो, “दोनशे किलो.”

तो चुळबुळला. “बरं, एकशेऐंशी द्या.”

“एकशेऐंशी,” मी म्हणालो.

त्यानं इकडे तिकडे पाहिलं, डाळिंबावरची धूळ पुसली. “शेवटचं दीडशे. त्याच्याखाली परवडत न्हाई, मालक.”

उभा जन्म घसा फोडून जे जमलं नाही, ते हे. मी तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं. मग त्याच्या धुळीनं भरलेल्या हातांकडे पाहिलं, दीडशे मोजून दिले आणि जरा कळ काढली.